वडगावातली दक्षिणेकडची भिंत: एका उभ्या बागेचं प्रकरण

बेळगावच्या वडगावात एका घराच्या दक्षिण भिंतीवर मे महिन्याच्या अखेरीस ९६ कुंड्यांची उभी बाग लागली आणि जुलै संपायच्या आत तिची पार रया गेली. पालक मुळाशी कुजला, कोथिंबीर उगवून आडवी पडली, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि बोळात गळणाऱ्या पाण्यावरून समोरच्या घराशी कुरबुर सुरू झाली. सूनबाईंचा प्रश्न सरळ होता: "काढून टाकू काय ओ हे सगळं?" घरच्या घरी भाजी लावणाऱ्यांना सल्ला द्यायचं काम मी करतो, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. असल्या भिंती आता टिळकवाडीपासून अनगोळपर्यंत दिसतात आणि बऱ्याच जणांचं दुखणं थोड्याफार फरकानं हेच असतं. त्यामुळे सविस्तर लिहितो, नावं वगळून.

घर आणि माणसं

कुटुंब मूळचं शेतकरी. शहापूर-वडगावच्या शिवारातली काळी जमीन, पावसाळ्यात भात आणि मागून कडधान्य, भाजीपाला. त्याच शिवारातून बळ्ळारी नाला जातो आणि पावसाळ्यात फुगून रानात शिरतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आता त्यांच्याकडे जमिनीचा लहानसा तुकडा उरलाय आणि सासरे सवयीनं रोज तिकडे जाऊन येतात. राहतं घर पूर्वी कौलारू होतं, मागं परडं होतं. अळू, मेथी, दारचा कढीपत्ता सगळं तिथंच. मुलानं कौलारू घर पाडून दोन मजली स्लॅब टाकला तेव्हा परडं गेलं. उरली ती दक्षिणेच्या अंगाला अडीच फुटांची पट्टी. तिच्यावर फरशी, खालून सांडपाण्याची पाइप आणि पुढे लगेच बोळ.

मुलगा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला. अँगल कापून, वेल्डिंग करून १२ फूट लांब आणि ८ फूट उंच चौकट त्यानं स्वतःच बनवली आणि अँकर बोल्टांनी भिंतीला घट्ट आवळली. काम इतकं नेटकं की बघत राहावं. आराखडा मात्र सूनबाईंनी मोबाईलवर पाहिलेल्या बंगळुरूच्या एका बाल्कनीचा होता. बंगळुरूत मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. बेळगावात वर्षाला १२००-१३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि जुलैत तर तो थांबायचं नाव घेत नाही. बंगळुरूची बाल्कनी इथं चालायची नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मातीवरून वाद

सासऱ्यांनी शिवारातली काळी माती पोत्यांनी आणून सगळ्या कुंड्या भरल्या होत्या. "ह्या मातीत काय बी येतंय, आणि डब्यात येत न्हाई म्हणजे?" हा त्यांचा सवाल. त्यांचा राग मला कळतो. ज्या मातीच्या जिवावर अख्ख्या बाजाराला भाजी पुरवली, ती माती वाईट म्हणून सांगणारा मी कोण? माती वाईट नाहीच. सहा इंची कुंडी तिला पुरत नाही.

काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तडकते. रानात ते चालून जातं, कारण खालीही मातीच असते आणि वरचं जादा पाणी ती ओढून घेते. कुंडीच्या तळाला माती संपते, भोकाखाली हवा असते. पाणी तिथं येऊन थबकतं आणि तळ पुरता चिंब झाल्याशिवाय थेंबही बाहेर पडत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरून बघा: थोडं पाणी गळतं आणि थांबतं. तोच स्पंज उभा धरला की पुन्हा गळायला लागतं, कारण उंची वाढली. कुंडी जितकी बुटकी तितका तिच्यातला चिखलाचा वाटा मोठा. सहा इंची कुंडीत काळी माती भरली आणि वर आषाढाचा पाऊस, म्हणजे तळापासून काठापर्यंत चिखलच. मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते, कोवळं रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतं. पालकाचं नेमकं हेच झालं होतं.

यावर सूनबाईंनी एक उपाय आधीच करून पाहिला होता: कुंडीच्या तळाशी खडे. हा सल्ला फार जुना आणि फार पसरलेला आहे, पण उपयोगाचा नाही. खडे घातले की चिंब थर खड्यांच्या वर सरकतो एवढंच, आणि मुळांची जागा आणखी कमी होते. भोक बुजू नये म्हणून एक खापरी पुरे.

वजनाचाही हिशोब कुणी केला नव्हता. दोन लिटरच्या कुंडीत भिजलेली काळी माती साडेतीन किलोच्या आसपास भरते. ९६ कुंड्या म्हणजे ३३० किलोंच्या वर, आणि तो सगळा भार बोल्टांवर आणि प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंतीवर.

आम्ही मिश्रण बदललं. तीन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा (दोनदा धुऊन, कारण त्यात क्षार असतात), दोन भाग मुरलेलं शेणखत आणि गांडूळखत मिळून, एक भाग भाताचं जळकं तूस. तूस इकडे मिळायला अडचण नाही, बेळगाव-खानापूर पट्टा भाताचाच. सासऱ्यांचा मान म्हणून प्रत्येक कुंडीत मूठभर काळी माती. ती नुसती मानापुरती नव्हती: चिकण मातीत अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद असते आणि मुठीपुरती ती चालते. भिजलेली कुंडी आता दोन किलोंवर आली.

उसाचा चोथाही वापरता येतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत उसाचं चिपाड भरपूर वापरून दाखवलं, आणि बेळगाव जिल्हा तर साखर कारखान्यांचा. रसवंतीवाला चोथा फुकट देतो. फक्त तो ताजा घालायचा नाही. त्यात कर्ब फार आणि नत्र नगण्य, त्यामुळे कुजताना तो मिश्रणातलं नत्र स्वतःच खाऊन टाकतो आणि रोपं पिवळी पडतात. शेणकाला शिंपडून दोन-तीन महिने मुरवला तरच कामाचा. या घरात मुरवायला जागा नव्हती, म्हणून तो बेत सोडला.

भिंत ९६ फुटांची, वाफा किती?

हा हिशोब मी मुलासमोर मांडला, कारण आकड्यांचा माणूस तोच. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ चौरस फूट भिंत. पण पेरणी भिंतीत होत नाही, कुंडीच्या तोंडात होते. सहा इंच व्यासाच्या कुंडीचं तोंड २८ चौरस इंच. अशा ९६ कुंड्या एकत्र केल्या तर १९ चौरस फूट. म्हणजे सहा फूट लांब आणि जेमतेम तीन फूट रुंद असा एक वाफा. सासरे ऐकत होते. ते हसले नाहीत, नुसते म्हणाले, "मग एवढ्यासाठी एवढं लोखंड?"

प्रश्न रास्त आहे. उभी बाग जमीन वाढवत नाही आणि ऊनही वाढवत नाही. जिथं पाय ठेवायला जागा नाही तिथं तीन फूट रुंदीचा वाफा उभा करून देते, इतकंच तिचं काम. पॅरिसमध्ये पॅट्रिक ब्लां या वनस्पतिशास्त्रज्ञानं इमारतींवर ज्या हिरव्या भिंती उभारल्या त्या शोभेच्या आहेत. तिथं झाड जगलं की झालं, कापून खायचं नसतं. पालेभाजी दर महिन्याला कापली जाते, तिला भूकही लागते आणि ऊनही.

ऊन कुठून येतं

हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो: उगवतो पूर्वेच्या उत्तरेला, मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला आणि दुपारीही डोक्याच्या उत्तरेलाच. या तीन महिन्यांत दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. वर ढग. आणि बाग लागली होती मे अखेरीस! वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या काळाच्या तोंडावर.

तीच भिंत थंडीत सोन्यासारखी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो, किरणं भिंतीवर थेट येतात. समोरचं घर बैठं, कौलारू, उंची १२ फुटांच्या आसपास, आणि दोन्ही भिंतींत अंतर १० फूट. दुपारी ऊन तळाच्या ओळीपर्यंत पोचतं, सकाळी खालचे दोन फूट तेवढे सावलीत राहतात.

म्हणून या भिंतीचा हंगाम दसऱ्याला पेरणी आणि होळीपर्यंत काढणी, असा ठरवला. मेथी २५-३० दिवसांत, पालक आणि लाल माठ महिन्या-सव्वा महिन्यात, कोथिंबीर ४०-४५ दिवसांत. धणे रगडून दोन फाका केल्या, रात्रभर भिजवले, तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतातच. धीर सोडून कुंडी उकरू नये. टोमॅटो आणि वांगं भिंतीवरून काढूनच टाकलं. त्यांना १२-१५ लिटरची पिशवी लागते, दोन लिटरात ती फक्त जगतात.

मुलाला बागेकडून आणखी एक अपेक्षा होती: उन्हाळ्यात घर थंड राहील. दक्षिण भिंतीकडून ती पुरी होणार नाही. एप्रिलच्या मध्याला दुपारचा सूर्य ८४ अंशांवर असतो, भिंतीला नुसता चाटून जातो. उन्हाळ्यात घर तापतं ते स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे. थंडावा हवा असेल तर वेल पश्चिमेला चढवायचा.

झड, ओल आणि शेजार

बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो. दक्षिण आणि पश्चिम भिंतींना झड लागते. जुन्या घरांना त्या बाजूला लांब वळचण असायची, ती उगीच नव्हे. इथं वळचण नाही, भिंतीला कुंड्या चिकटलेल्या, मागं वाऱ्याला वाट नाही आणि बोल्टांची भोकं थेट विटांत. ओल आली नसती तरच नवल.

बोल्ट काढले, भोकं वॉटरप्रूफिंगच्या मसाल्यानं बुजवली आणि भिंत पुरती वाळू दिली. चौकटीला मागून तिरके पाय जोडून ती स्वतःच्या पायावर उभी केली, भिंतीपासून हात आत जाईल एवढी लांब. वारा खेळतो आणि झाडूही फिरतो. कल्पना माझी नाही. बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं 'अर्का व्हर्टिकल गार्डन' नावाचा जो सांगाडा काढलाय तो असाच मोकळा उभा राहतो: जागा साधारण एक चौरस मीटर, खाली मोठ्या पिशव्या, वर लहान कुंड्या, पाणी वरच्या भांड्यातून थेंबानं. जिल्ह्यातच आरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, चौकशीला तेही जवळ.

गळणाऱ्या पाण्यासाठी तळाला अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपची पन्हाळ, थोडा उतार देऊन, शेवटी बादली. ते पाणी खतासकट पुन्हा कुंड्यांना. बादली झाकलेली हवी आणि आठवड्यातून एकदा कोरडी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात उडायला लागतो. समोरच्या कन्नड आज्जींचा खरा आक्षेप डासांचाच होता, गळणं नुसतं निमित्त. पन्हाळ बसल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं की तळाच्या ओळीत अळू लावा, तो पाण्याला कंटाळत नाही. बरोबरच होतं. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत अळू लावला, आणि पहिली पानं त्यांच्याच घरी गेली.

पाण्याचं गणित उन्हाळ्यात उलटं होतं. शहरातल्या काही प्रभागांना २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकीच्यांना नळाची पाळी बघावी लागते. दोन लिटरच्या कुंडीत झाडाला मिळण्याजोगं पाणी जेमतेम अर्धा लिटर. मार्चनंतर वाऱ्यावरच्या कुंडीला ते दिवसभर पुरत नाही, दोन वेळा पाणी द्यावं लागतं. पाळीच्या पाण्यावर असणाऱ्यांनी होळीला भिंत मोकळी करावी, हे माझं स्पष्ट मत. या घरात जुनी विहीर आहे म्हणून पुदिना आणि कढीपत्ता चालू राहिला.

पैशाचं काय

लोखंड, कुंड्या, ठिबक, मिश्रण, सगळं धरून खर्च पंधरा हजारांच्या घरात. मजुरी घरची. आता मिळकत. १९ चौरस फुटांत मेथी चांगली आली तर एका कापणीला दीड-दोन किलो, म्हणजे आठ-दहा पेंड्या. हंगामात अशा पाच कापण्या. पेंडी पंधरा रुपयांची धरली तरी सहाशे ते साडेसातशे रुपये. वीस-पंचवीस वर्षांत लोखंडाचे पैसे निघतील, तोवर ते गंजलेलं असेल.

त्यात एक वाकडी गोष्ट अशी की थंडीत, भिंत जोरात असते तेव्हाच, शिवारातली मेथी बाजारात मातीमोल असते. सासरे चार पेंड्या सहज हातात घेऊन येतात. आणि जुलै-ऑगस्टात, नाल्याचं पाणी रानात शिरून कोथिंबिरीचा दर कडाडतो तेव्हा, भिंत अंधारात. पावसाळ्यात महाग भाजीला पर्याय म्हणून कुणी उभी बाग लावत असेल तर त्यानं इथं दक्षिण भिंतीचा नाद करू नये. पावसाळ्यात या घरात तग धरली ती अळू, गवती चहा, पुदिना आणि मयाळूनं. त्यातही मयाळूला कुंड्यांची चौकट लागलीच नाही: एक मोठी बादली, चार तारा, वेल आपला वर.

पुण्याच्या दिरांचा आग्रह वेगळाच: माती नकोच, पाण्यावरचा टॉवर घ्या, वर एलईडी दिवे. एक चौरस मीटरला २०० वॅटचे दिवे १४ तास लावले तर दिवसाला २.८ युनिट, महिन्याला ८४. पेंडीच्या मेथीसाठी! शिवाय मुळांवरून पातळ धार फिरवणाऱ्या पद्धतीत उन्हाळ्याच्या दुपारी वीज दोन-चार तास गेली की रोपं माना टाकतात. हॉटेलांना लेट्यूस पुरवणाऱ्यानं तो हिशोब जरूर करावा. वडगावच्या स्वयंपाकघरानं कशाला?

मग काढून टाकायचं का? मी म्हटलं नाही, पण बचतीच्या नावाखाली ठेवू नका. सासूबाईंना गुडघ्यांमुळे शिवारात जाता येत नाही आणि खाली बसून वाफा करता येत नाही. उभ्यानं, कंबरेच्या उंचीवर पेरता-कापता येईल अशी जागा त्यांना घरात दुसरी नाही. आमटी उकळत असताना चार काड्या कोथिंबीर तोडून आणायची सोय हवी होती, ती भिंत देते. पंधरा हजारांना ती महाग की स्वस्त हे त्या घरानं ठरवायचं. त्यांनी ठेवलं.

पुढची अडचण

दुसरा हंगाम चांगला निघाला. मधे मावा आला होता, निंबोळी अर्कानं आटोक्यात आला. आता नवा प्रश्न उभा आहे. समोरच्या आज्जींचा मुलगा बैठं घर पाडून वर मजला घेतोय. घराची उंची २२ फुटांवर गेली की डिसेंबरच्या दुपारचं ऊनही या भिंतीच्या खालच्या ९-१० फुटांवर येणार नाही, म्हणजे सबंध चौकट सावलीत. त्यावरून भांडण करण्यात अर्थ नाही. जागा त्यांची, ऊन कुणाचंच नाही.

चौकट मोकळी असल्यामुळे ती गच्चीवर नेता येईल, पण आहे तशी नाही. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. कुंड्यांचे १९० आणि लोखंडाचे ६० मिळून २५० किलो, आणि चौकटीखाली जागा जेमतेम दीड चौरस मीटर. म्हणून मुलगा ती मधोमध कापून सहा-सहा फुटांचे दोन तुकडे करतोय. वरच्या दोन ओळी काढायच्या, वाऱ्याला उलटू नये म्हणून पाय रुंद करायचे आणि दोन्ही तुकडे कठड्यालगत, बीमच्या वर, एकमेकांपासून दूर ठेवायचे. घर बांधणाऱ्या इंजिनिअरला बीम कुठून गेलेत ते विचारून घ्यायला सांगितलंय. पश्चिमेला फाटकाशी, जमिनीवर, तोंडल्यासाठी २०० लिटरचा ड्रम येईल. भिजल्यावर तो तीनशे किलोंच्या आसपास जाईल, त्यामुळे तो गच्चीवर चढवायचा नाही, एवढी अट मी घातली आहे. काढून घेतलेल्या २४ कुंड्या आज्जींनी मागून ठेवल्यात, नव्या मजल्याच्या बाल्कनीसाठी.